उंबऱ्याशी थांबलेले पाऊल : कंपवाताच्या इतिहासातील काही पाने



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. म्हणून येथे मी त्यांना नुसते ‘सर’ म्हणणार आहे. आमच्या पिढीला तेवढे पुरते. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. त्यामुळे मी नागपूरकर भोसल्यांवर, नाही तर भोपाळच्या बेगमांवर बोलेन, अशी संयोजकांची स्वाभाविक अपेक्षा होती. एका रोगाच्या इतिहासावर बोलणार आहे, असे मी कळवले तेव्हा दूरध्वनीवर पलीकडे काही क्षण शांतता पसरली. ती शांतता मी समजू शकतो. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. परंतु या विषयाचे काही देणे माझ्या अंगावर आहे आणि ते याच शाळेत झालेले आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले आणि भोपाळ त्याची राजधानी झाली. जुन्या मध्य प्रांताची राजधानी नागपूर. तेथील कचेऱ्यांबरोबर शेकडो मराठी कुटुंबे या तळ्यांच्या गावी आली. तात्या टोपे नगरातल्या सरकारी चाळींत ज्वारीची भाकरी भाजल्याचा वास येऊ लागला, तो त्या वर्षांपासून. त्याच लोंढ्यात सर आले आणि आपल्या शाळेत इतिहास व मराठी शिकवू लागले. उंच, सडपातळ, स्वच्छ धोतर, काळी टोपी. फळ्यावरचे त्यांचे अक्षर मागच्या बाकावरून वाचता येई. मोडी त्यांना येत असल्याने देवनागरी अक्षरालाही एक गती होती.

मी त्यांच्या वर्गात गेलो तो १९६६ साली. तोवर सर बदलले होते. पण ते बदललेले आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते, कारण आधीचे सर आम्ही पाहिलेच नव्हते. आमच्यासाठी सर म्हणजे कधीही न हसणारे, क्वचितच पापणी लवणारे, हळू आवाजात बोलणारे एक कठोर गृहस्थ. तास सुरू होताना ते वर्गाच्या दाराशी येत आणि थांबत. कधी दहा सेकंद, कधी मिनिटभर. नजर वर्गावर, पाऊल उंबऱ्याशी. आम्ही गप्प होत असू. कोण दंगा करतो ते टिपण्यासाठी सर थांबतात, अशी आमची पक्की समजूत होती. ती आम्ही खालच्या वर्गातल्या मुलांनाही भक्तिभावाने सांगत असू. मग शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही चाचा म्हणत असू, कुठून तरी येत, सरांच्या खांद्याला हात लावून त्यांना किंचित डावी-उजवीकडे झुलवत आणि हलकेच म्हणत, “चलिए मास्साब, एक... दो...” आणि सर आत येत. एकदा निघाले की झपाझप, जणू कोणी मागून ढकलावे तसे, थेट टेबलाला धरूनच थांबत.

आता दीडशे वर्षे मागे जाऊ.

लंडनच्या हॉक्स्टन भागात जेम्स पार्किन्सन नावाचा एक डॉक्टर राहत असे. जन्म १७५५चा, मृत्यू १८२४चा. हा मनुष्य राजकीय सुधारणांचा पुरस्कर्ता, जीवाश्मांचा अभ्यासक आणि गरीब वस्तीतला वैद्य. १८१७ साली त्याने ‘थरथरत्या पक्षाघाता’वर एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघे सहा रुग्ण आहेत, आणि त्यांतले काही तर त्याला रस्त्यावर भेटलेले. एकाला त्याने केवळ दुरून पाहिले होते. रुग्णालय नाही, यंत्र नाही. एक माणूस रस्त्यात उभा राहून दुसऱ्याची चाल निरखतो, एवढीच साधनसामग्री. मला या प्रबंधाचे महत्त्व वाटते ते याच कारणाने. शेकडो लोक रोज त्या वाकलेल्या म्हाताऱ्यांच्या शेजारून जात होते. थरथर, पुढे झुकलेले धड, चालता चालता धावण्याची अनावर ओढ हे सगळे एकाच रोगाचे भाग आहेत, हे एकाने थांबून पाहिले.

त्या प्रबंधात एका रुग्णाची हकीकत आहे. त्याचा सेवक त्याच्यासमोर उभा राही, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला हळूहळू पुढे-मागे झुलवी, तोल साधला की इशारा देई आणि झटकन बाजूला होई. मग तो रुग्ण धावतच निघे, आणि पडू नये म्हणून सेवक त्याच्या पुढे राही. मी हा मजकूर प्रथम वाचला तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. चाचांनी पार्किन्सन वाचलेला नव्हता. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनीही फक्त थांबून पाहिले होते. वर्गातल्या चाळीस मुलांना जे दिसले नाही ते त्यांना दिसले.

पार्किन्सनने एक गोष्ट मात्र पुरती बरोबर सांगितली नव्हती. रोगाला पक्षाघात म्हटल्याने स्नायूंची ताकद गेली आहे असा अर्थ होतो. पॅरिसच्या झां-मार्टिन शार्को या चेताविकारतज्ज्ञाने पुढे दाखवले की ताकद बऱ्याच अंशी शाबूत असते. हरवते ती हालचाल सुरू करण्याची आणि वेळेत पार पाडण्याची क्षमता. ताठरपणा आणि मंदपणा ही थरथरीहून वेगळी लक्षणे आहेत हे त्याने नोंदवले, आणि रोगाला पार्किन्सनचे नाव रूढ केले तेही त्यानेच. हा भेद साधा नाही. सरांच्या हातात शक्ती होती. खडू त्यांच्या बोटांत मोडत असे. पण लिहिता लिहिता बोलणे त्यांना जमत नसे. फळ्याकडे वळले की वाक्य अर्धवट राही. १९५४ साली अमेरिकेत रॉबर्ट श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट तपासली : या रुग्णांना दोन हेतुपूर्वक हालचाली एकाच वेळी करायला सांगितल्या की एक तरी कोलमडते. आपण चालताना बोलतो, बोलताना सदऱ्याची बटणे लावतो, कारण यातले निम्मे काम मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींनी, आपल्याला न विचारता, सवयीने उरकलेले असते. ते सवयीचे खाते बंद पडले की प्रत्येक पाऊल, प्रत्येक बटण लक्ष देऊन करावे लागते. आणि लक्ष तर माणसाला एकच असते.

आम्ही त्या वयात याचा फायदा घेतला. सर फळ्याकडे वळले की कागदी बाण सुटत.

या रोगाच्या औषधाची कथा निम्मी तरी आपल्या देशातली आहे, आणि ती नीट सांगितली जात नाही. कधी अतिशयोक्तीने सांगितली जाते, कधी मुळीच नाही. चरकसंहितेत वातविकारांच्या यादीत ‘वेपथु’, म्हणजे कंप, आहे. परंतु वेपथु म्हटला की पार्किन्सनचा रोग, असे समीकरण मांडणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणारे नाही. कंप अनेक कारणांनी होतो, आणि जुने ग्रंथकार लक्षणांची नोंद करीत होते, आजच्या रोगांची नव्हे. कपिकच्छू म्हणजे आपली खाजकुइली. हिंदीत तिला कौंच म्हणतात. सातपुड्याच्या रानात ती वेलीवर लोंबते. तिच्या शेंगेची कुसे अंगाला लागली की काय होते, हे या सभागृहातल्या कित्येकांना स्वानुभवाने माहीत असेल. संहितांमध्ये तिच्या बियांची कीर्ती मुख्यतः बल्य आणि वृष्य म्हणून आहे. पण १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या मद्रासच्या दोन संशोधकांनी त्याच बियांतून एक द्रव्य वेगळे केले : लेवोडोपा. ते त्याआधी १९१३ मध्ये मार्कुस गुगेनहाइम याने बाकल्याच्या शेंगांमधून मिळवले होते. त्याचा उपयोग काय, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

दुसरा धागा सर्पगंधेचा. रक्तदाबावरील या मुळीचा पद्धतशीर अभ्यास मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केला आणि १९४९ साली तो ब्रिटिश हृदयरोग-पत्रिकेत छापून आला. त्यानंतर जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे झाले आणि मनोरुग्णांनाही दिले जाऊ लागले. तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली : काही रुग्ण ताठरले, मंदावले, थरथरू लागले. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पीन दिले. ससे कान पाडून निश्चल पडले. मग त्यांना डोपा टोचले. थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे हालचालीशी नाते आहे, हे त्यातून उलगडत गेले. १९६० साली व्हिएन्नात एहरिंगर आणि होर्नीकेविच यांना पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूंत मृत्यूनंतर डोपामिन फारच कमी आढळले. पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांनी रुग्णांना लेवोडोपा टोचून पाहिले, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडावाटे, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रेने देण्याची रीत बसवली. कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००० साली. एका भारतीय मुळीने रोगाचे कारण दाखवून दिले, आणि दुसऱ्या भारतीय बीमध्ये त्याचे औषध पूर्वीच सापडून कपाटात पडून होते. यात अभिमानापेक्षा हळहळ अधिक आहे. पुढे १९७८ साली मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर, डॉ. वाडिया आणि सहकाऱ्यांनी खाजकुइलीच्या बियांचे चूर्णच पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. आयुर्वेद आणि चेताशास्त्र एका टेबलाशी बसल्याचे ते एक चांगले उदाहरण आहे.

हा सारा खटाटोप जगात चालला असताना आमच्या सरांना शहरातल्या एका डॉक्टरांनी सांगितले होते की वय झाले, हात कापायचेच. नंतर दुसऱ्यांनी निदान केले आणि कंप कमी करणाऱ्या जुन्या धर्तीच्या गोळ्या दिल्या. त्यांनी थरथर थोडी उतरते, पण मंदपणा आणि उंबऱ्याशी गोठणे तसेच राहते. सरांचे तोंड कोरडे पडे. तासाला ते तांब्या घेऊन येत. त्या तांब्यावरूनही आम्ही विनोद केले.

मुंबईच्या पारशी वसाहतींत भरुचा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली आणि १९८८ साली ती प्रसिद्ध केली. १४,०१० माणसांत त्यांना ४६ जणांना हा रोग आढळला, म्हणजे लाखात सुमारे ३२८. या समाजात वृद्धांचे प्रमाण मोठे असल्याने आकडा चढा आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. पण या भरुचांचे नाव भोपाळकरांनी दुसऱ्या कारणासाठी लक्षात ठेवायला हवे. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री आपल्या शहरावर जे ओढवले, त्यानंतर एडी भरुचा आणि नादिर भरुचा या पिता-पुत्रांनी वायुपीडितांची चेतासंस्थेच्या दृष्टीने तपासणी केली. १९८७ साली त्यांचा लेख भारतीय वैद्यक-संशोधन पत्रिकेच्या पुरवणीत आला. १९९४ साली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय आयोग येथे आला, तेव्हा त्यानेही पीडितांमध्ये मेंदूच्या, नसांच्या आणि तोलाच्या विकारांच्या खुणा नोंदवल्या. हे विकार म्हणजे पार्किन्सनचा रोग नव्हे. दोहोंची सरमिसळ करणे दोन्ही प्रकारच्या रुग्णांवर अन्याय आहे. मात्र विषारी रसायन मेंदूतील हालचालीची केंद्रे जाळू शकते, याचा पुरावा त्या दुर्घटनेच्या दोनच वर्षे आधी मिळाला होता. १९८२ साली कॅलिफोर्नियात चोरून बनवलेल्या नशेच्या द्रव्यातील एका अशुद्धीमुळे काही तरुण माणसे अक्षरशः काही दिवसांत पार्किन्सनच्या रुग्णासारखी गोठली, आणि विल्यम लँगस्टन यांनी त्याचे कारण शोधून काढले.

१९८५च्या उन्हाळ्यात हमीदिया रुग्णालयाबाहेरच्या रांगेत मी एका नातेवाइकाबरोबर उभा होतो. पुढे एक बाई होती. तिच्या हातातला कागद थरथरत होता आणि पाऊल उचलताना तिचा तोल जात होता. मागून कोणी तरी म्हणाले, “पैसे मिळायचेत ना, म्हणून कापतेय.” दोघे-तिघे हसले. मी हसलो नाही. पण मी वळून काही बोललोही नाही. माझ्या डोळ्यांसमोर दुसरेच दृश्य उभे राहिले होते.

ते दृश्य जानेवारी १९६८चे. शाळेचे स्नेहसंमेलन. शिक्षकांच्या नकलांचा कार्यक्रम होता आणि सरांची नक्कल मी केली. डोक्याला काळी टोपी, कमरेला आजोबांचे धोतर. रंगमंचाच्या विंगेत पाऊल अडवून मी उभा राहिलो, हात थरथरवला, मग झपाझप येऊन टेबलावर आदळलो. सभागृह कोसळले. इतकी दाद मला आयुष्यात पुन्हा मिळाली नाही. पहिल्या रांगेत सर बसले होते. त्यांचा चेहरा जराही हलला नाही. आम्ही ठरवले की सर भयंकर संतापले आहेत.

चेहऱ्याचे स्नायूही याच रोगाने मंदावतात. मनात हसू असले तरी ते चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही. हे मला चाळीस वर्षांनी कळले. दुसऱ्या दिवशी सरांनी मला शिक्षक-खोलीत बोलावले. मी थरथरत गेलो. या वेळी खराखुरा. त्यांनी टेबलावरचे एक पुस्तक माझ्या हातात दिले, रियासतकार सरदेसायांच्या मराठी रियासतीचा एक खंड, आणि काही तरी म्हणाले. आवाज इतका क्षीण होता की मला ऐकू आले नाही. पुन्हा विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. मी मान हलवली आणि निघालो. इतिहास हा विषय मी घेतला तो त्या पुस्तकामुळे, एवढे मात्र खरे.

उंबऱ्याशी पाऊल का अडते, आणि जिना मात्र का चढता येतो? सर जिना चांगला चढत. आपल्या जुन्या इमारतीच्या व्हरांड्यात काळ्या-पांढऱ्या फरश्या होत्या. त्यांवरून ते एकेक चौकट ओलांडत जात, तेव्हा कोणालाही त्यांच्या चालीत वावगे दिसले नसते. इंग्लंडच्या जेम्स पर्डन मार्टिन यांनी १९६७च्या आपल्या ग्रंथात याचे वर्णन केले आहे : जमिनीवर आडव्या रेघा आखल्या की अडलेला रुग्ण त्या ओलांडत चालू लागतो. आतून येणारी चालना आटली, तरी डोळ्यांनी दिसणारी रेघ तिची जागा घेते. कानांवर पडणारा ताल तेच काम करतो. चाचांचे ‘एक, दो’ हे त्यातलेच. नेदरलँड्समध्ये बास्टियान ब्लूम यांनी २०१० साली अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली, ज्याला चार पावले चालता येत नव्हती, पण सायकल उत्तम चालवता येत होती. पुण्यात वाढलेल्या मिलेहा सोनेजी या डिझाइनर तरुणीने आपल्या काकांच्या बाबतीत हेच पाहिले. जिना सहज उतरणारे काका सपाट जमिनीवर अडत. तिने जमिनीवर पायऱ्यांचा आभास निर्माण करणारे चित्र अंथरले, आणि काका चालू लागले. २०१५ साली तिने हे एका जाहीर भाषणात सांगितले. पुण्यातच पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना एकत्र आणते, आणि हृषीकेश पवार यांनी त्यांच्यासाठी नृत्याचे वर्ग चालवले. मुंबईत डॉ. भीमसेन सिंघल यांच्या पुढाकाराने २००१ साली या रुग्णांसाठी संस्था उभी राहिली. औषधे आहेत, मेंदूत विद्युत्-अग्रे बसवण्याची शस्त्रक्रिया आहे. रोग मुळापासून बरा करणारा उपाय अजून नाही. तोवर रेघ आणि ताल यांचे मोल कमी लेखू नये.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. या व्याख्यानाच्या तयारीसाठी शाळेने जुन्या शिक्षकांची हजेरीची मस्टरे मला पाहू दिली. आम्ही इतिहासवाले कागदाला प्रश्न विचारतो. १९५७च्या मस्टरात सरांची सही चौकट भरून वाहते. शेवटच्या अक्षराचा फराटा शेजारच्या रकान्यात गेलेला आहे. १९६२पर्यंत तसेच. १९६३च्या पावसाळ्यापासून फराटा चौकटीत राहू लागतो. १९६४त सही निम्मी झाली आहे. मी शंका घेतली : चौकटी लहान झाल्या का? नाही, मस्टरे एकाच छापखान्याची आहेत. पेन बदलले का? इतर शिक्षकांच्या सह्या जशाच्या तशा आहेत. १९६६पासून तर एकाच सहीत पहिले अक्षर वाचता येते आणि पुढची उतरत्या भाजणीने बारीक होत जातात. अक्षराचे आणि पावलाचे दुखणे एकच : प्रत्येक पुढची हालचाल आधीच्याहून लहान होते आणि शेवटी थांबते. म्हणजे मी त्यांच्या वर्गात बसलो त्याच्या तीन वर्षे आधी रोगाने मस्टरात पहिली नोंद केलेली होती. ते मस्टर रोज मुख्याध्यापकांसमोर येत होते, कारकून ते रोज मिटत होता. १९६९च्या एका पानावर सहीशेजारी तांबड्या शाईत शेरा आहे : ‘स्वाक्षरी सुवाच्य करावी.’

त्यानंतरच्या आठवड्यात एक निराळी गोष्ट दिसते. सरांच्या रकान्यात पेन्सिलीने, बारीक, अंदाजाने मारलेल्या दोन समांतर रेघा येऊ लागतात, दुरेघी वहीत असतात तशा. सर लिहू लागण्यापूर्वी कोणी तरी त्या आखून ठेवत असे. त्या रेघांमध्ये सही पुन्हा मोठी झाली आहे. पूर्वीइतकी नाही, पण वाचता येते. मस्टर शिक्षक-खोलीत नेऊन ठेवण्याचे काम चाचांचे होते. १९७१च्या एप्रिलअखेर, सरांच्या शेवटच्या दिवसापर्यंत, एकही दिवस त्या रेघा चुकलेल्या नाहीत.